टेक्सासात रिव्हॉल्वरने हरणाची शिकार : व्हिसावर असाल तर आधी कोणता कागद?

टेक्सासच्या रहिवाशाला शिकारीचा साधा परवाना २५ डॉलरला मिळतो आणि तो ऑनलाइन काढायला दहा मिनिटं पुरतात. काम इतकं सोपं असल्यामुळेच बरेच जण ते शेवटी करतात. आधी मित्राबरोबर शूटिंग रेंजवर जातात, मग हातात बसलेलं एखादं रिव्हॉल्वर घेतात आणि नोव्हेंबरातला हरणाचा हंगाम तोंडावर आला की परवान्याची आठवण होते. अमेरिकन नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला हा क्रम चालतो. एच-१बी किंवा एल-१ (नोकरी), एफ-१ (शिक्षण) किंवा एच-४ (एच-१बीवाल्याचं कुटुंब) व्हिसावर आलेल्याला तो चालत नाही.

अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्यासाठी नसलेल्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा १९९८ पासून केंद्रीय गुन्हा आहे. या बंदीला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे अमेरिकेत रीतसर मिळालेला आणि मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. ‘जवळ बाळगणं’ याचा अर्थ मालकीपुरता नाही. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल पाच मिनिटं हातात धरलंत तरी ते त्यात येतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिलेला एक गाजलेला खटला फ्लोरिडातल्या परदेशी विद्यार्थ्याचा होता. कॉलेजने काढल्यामुळे त्याचा विद्यार्थी दर्जा गेला होता, आणि तशात तो रेंजवर नेमबाजी करून आला. त्याच्यावरचं कलम थोडं वेगळं होतं, पण घराणं तेच. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे, शिवाय देशाबाहेर पाठवणीची टांगती तलवार वेगळीच.

म्हणून परवाना पहिला. तो टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाच्या संकेतस्थळावर, फोनवर किंवा खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानांच्या काउंटरवर मिळतो. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. रहिवासी दरासाठी अर्जाच्या आधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासात राहिलेलं असावं लागतं. नुकतेच आला असाल तर अनिवासी परवाना, आणि त्याचे ३१५ डॉलर.

खरी गफलत याच्या पुढे होते. परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असतं, तुम्ही तो जूनमध्ये काढलात तरी. हरणाचा हंगाम जानेवारीत आटोपतो, बंदूक कपाटात जाते आणि ३१ ऑगस्ट कोणाच्या लक्षात राहत नाही. १ सप्टेंबरला नवा परवाना हातात नसेल तर कपाटातली ती बंदूक, शिकारीला गेलात न गेलात तरी, बेकायदा ठरते. नवे परवाने ऑगस्टच्या मध्यात विक्रीला येतात, म्हणजे जेमतेम पंधरवडा मिळतो. फोनमध्ये गजर लावा. आणि हो, तिजोरीची किल्ली एच-४ वर असलेल्या जोडीदाराकडेही असेल तर त्याचा किंवा तिचा परवाना स्वतंत्र काढा. नवऱ्याच्या परवान्यावर बायकोचं भागत नाही.

शिकारीचं प्रशिक्षण ही वेगळी अट. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. १७ वर्षांवरच्यांना तो संपूर्ण ऑनलाइन करता येतो. परवाना विकताना या दाखल्याची विचारणा होत नाही, ती रानात गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीच्या नियमांवर देखरेख ठेवणारा अधिकारी करतो. ज्यांना वेळच मिळाला नाही त्यांच्यासाठी १० डॉलर भरून एकदाच मिळणारी सवलत आहे, पण मग सोबत प्रशिक्षित परवानाधारक हवा. माझं मत विचाराल तर ही सवलत घेऊ नका. आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी जत्रेतल्या छर्‍याच्या बंदुकीपलीकडे काही हाताळलेलं नसतं.

आता दुकान. परवानाधारक विक्रेत्याकडून हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर) घ्यायला वय २१ पूर्ण लागतं, आणि ती आपण राहतो त्याच राज्यात घ्यावी लागते. (रायफलचे नियम याहून सैल आहेत.) विक्रेता फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज भरून घेतो. त्यात नागरिकत्वाचा आणि नॉन-इमिग्रंट व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो. व्हिसाच्या प्रश्नाला ‘होय’ लिहायचं, पुढे अपवाद लागू असल्याचं नोंदवायचं आणि शिकारीचा परवाना दाखवायचा. आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) वरचा क्रमांक लागतो, तेव्हा त्याची ताजी प्रत छापून न्या. ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचाच पत्ता हवा. घर बदललं आणि लायसन्स जुनंच राहिलं म्हणून दुकानातून परत आलेले दोघे जण माझ्या ओळखीत आहेत. त्यानंतर एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासणी होते. उत्तर कधी लगेच येतं, कधी काही दिवस ताटकळत ठेवतं.

टेक्सासात हरणासाठी हँडगनच्या नळीच्या लांबीची किंवा बोअरची किमान मर्यादा नाही. अट एकच, रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं) काडतूस नको. म्हणजे .२२ बाद, सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठोका बसणारं) हवं. कागदोपत्री ९ मिलिमीटरचं पिस्तूलही चालतं, पण त्याने हरीण जखमी होऊन पळतं. हँडगनने शिकार करणारे .३५७ किंवा .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्वर वापरतात आणि जवळून, हात कशाला तरी टेकवून नेम धरतात. दुसऱ्या राज्यात हाच हिशोब धरू नका. ओहायोत नळी किमान पाच इंचांची आणि काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठ्या बोअरचं, सरळ भिंतीचं (तोंडाशी निमुळतं न होणारं) लागतं.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास. नर किती, मादी किती हे काउंटीगणिक (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) बदलतं, त्यामुळे आपल्या काउंटीचं पान वाचूनच निघा. टेक्सासची बहुतेक जमीन खासगी आहे, म्हणून रँचमालकाची संमती आधी हवी, आणि ती लेखी असलेली बरी. सार्वजनिक जमिनीसाठी ४८ डॉलरचा वार्षिक परवाना वेगळा असतो आणि अंगावर भडक नारिंगी रंग सक्तीचा असतो.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे मेळघाटात चितळ नुसतं पाहायचं. टेक्सासच्या हिल कंट्री या डोंगराळ भागात तेच चितळ गेल्या शतकात आणून सोडलं, ते मोकळं सुटलं आणि बेसुमार वाढलं. तिथे त्याला ‘ॲक्सिस’ म्हणतात आणि परदेशी प्राणी मानतात, त्यामुळे त्याला ना बंद हंगाम, ना संख्येची मर्यादा. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती मात्र लागतेच.

हरीण पडलं की परवान्यासोबतचा टॅग जागेवरच भरून लावायचा, महिना आणि तारीख कापून. गाडीत टाकल्यावर लावतो म्हटलंत तर दंड. मांस विकता येत नाही. स्वतःच्या फ्रीजरमध्ये मावत नसेल तर भुकेल्यांना शिकारीचं मांस पोहोचवणाऱ्या ‘हंटर्स फॉर द हंग्री’ उपक्रमाशी जोडलेल्या खाटीकखान्यात दान करता येतं, आणि तिथेही आधी टॅगच पाहतात.