नाशिकमध्ये घरांचे भाव कधीच पडत नाहीत?

गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठेही फ्लॅट बघायला जा, "नाशिकमध्ये भाव कधी पडत नाहीत, घेऊन टाका" हे ऐकायला मिळतंच. पाटीवरचा दर सहसा उतरत नाही हे खरं. पण घरांच्या बाजारात आधी सौदे आटतात, दर फार उशिरा हलतो. आणि सौदे आटतात ते बऱ्याचदा लोकांचा उद्याचा अंदाज बदलल्यामुळे.

हा अंदाज मोजताही येतो. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी १९ शहरांतल्या सुमारे सहा हजार कुटुंबांना नोकरी, उत्पन्न, महागाई आणि खर्चाबद्दल विचारते. (नाशिक त्यात नाही, आपल्याकडची मुंबई आणि नागपूर आहेत.) 'बरं चाललंय' म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून 'वाईट चाललंय' म्हणणाऱ्यांची वजा करायची, सगळ्या प्रश्नांची सरासरी काढायची आणि १०० मिळवायचे. उत्तर शंभराच्या खाली आलं की निराशा जास्त. मे २०२१ मध्ये हा आकडा ४८.५ पर्यंत घसरला होता.

आता मूळ यंत्रणा. समजा, फ्लॅट ५० लाखांचा आहे आणि तसाच भाड्याने घेतला तर वर्षाला दीड लाख लागतात. पैशाची किंमत, म्हणजे कर्जावरचं व्याज किंवा स्वतःच्या रकमेवरचं बुडालेलं व्याज, साडेआठ टक्के धरा. देखभाल, घरपट्टी आणि झीज मिळून आणखी एक टक्का. म्हणजे घर बाळगण्याचा खर्च वर्षाला पावणेपाच लाख आणि वाचलेलं भाडं दीड लाख. मधले सव्वातीन लाख कुठून येणार? 'भाव वाढेल' या विश्वासातून. किंमत दरवर्षी साडेसहा टक्के वाढेल असं वाटत असेल, तरच ५० लाख परवडतात.

सूत्र असं: परवडणारी किंमत = वार्षिक भाडं ÷ (व्याज + देखभाल − अपेक्षित वाढ). आपल्या उदाहरणात कंसात उरतात फक्त तीन टक्के. अपेक्षा एका टक्क्याने खाली आली, साडेपाचवर, की कंसात चार होतात आणि दीड लाख भागिले चार टक्के म्हणजे साडेसदतीस लाख. उलट अपेक्षा साडेसातवर गेली तर ७५ लाख! वीट तीच, सिमेंट तेच, भाडंही तेच. भाजक लहान असल्यामुळे मनातला एक टक्का किमतीत पंचवीस-पन्नास टक्के होऊन उतरतो. भाडं किमतीच्या मानाने जितकं कमी, तितका बाजार नुसत्या आशेवर जास्त उभा.

मग दर पाव हिश्शाने का पडत नाही? कारण विकणारा विकतच नाही. जेनेसोव्ह आणि मेयर या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या दशकातले बोस्टनमधले फ्लॅटचे व्यवहार तपासले. ज्यांना खरेदीपेक्षा कमी किंमत येणार होती, त्यांनी मागणी चढी ठेवली आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. बिल्डरचंही तसंच. दर उघड उतरवला तर आधीचे ग्राहक भांडायला येतात. म्हणून पाटी तशीच ठेवून मुद्रांक शुल्क माफ, मॉड्युलर किचन फुकट, पार्किंग मोफत.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात अविश्वास स्वतःलाच खरा ठरवतो. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यानुसार ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर, सीए यांच्या दाखल्यांनुसार, जितकं काम झालं तितकेच काढता येतात. बुकिंग थांबलं की त्या खात्यात भर पडत नाही, स्लॅब रखडतो, रखडलेला स्लॅब बघून पुढचा ग्राहक परत फिरतो. मग सुतार, प्लंबर, टाइल्सवाले यांचे हात रिकामे. तेही खर्च आवरतात आणि मंदी दुकानांपर्यंत पोचते.

पितृपक्षात बुकिंग थंडावतं त्यात ग्रहांचा किंवा पितरांचा काहीही हात नाही. सगळे थांबतात म्हणून बाजार थांबतो आणि दसऱ्याला गर्दी होते. घासाघीस करायला तो पंधरवडा उत्तम. 'कुंभ झाला की दुप्पट' हेही त्याच जातीचं भाकीत. नाशिक मेट्रोसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले होते. त्या मेट्रोच्या नावावर प्लॉट खपवणाऱ्यांना आज स्टेशन दाखवायला सांगा.

पाटीऐवजी सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा बघा. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर झालेल्या व्यवहारांच्या रकमा दिसतात. एकाच इमारतीतले किंवा गल्लीतले गेल्या दोन वर्षांचे दस्त काढा, रक्कम भागिले कार्पेट एरिया करा आणि दर तिमाहीला किती दस्त झाले तेही मोजा. दर तसाच आणि दस्त निम्म्यावर आले असतील, तर घाई तुम्हाला नाही, विकणाऱ्याला आहे. फुकटच्या किचनची किंमत मात्र दस्तात दिसत नाही; ती अंदाजाने वजा करावी लागते.