कोरियन भाषेत कारण कसं सांगतात

कोरियनमध्ये 'म्हणून' किंवा '-मुळे' यांना एकच ठरलेला शब्द नाही, क्रियापदाला किंवा नामाला लागणारे बरेच प्रत्यय आणि शब्द आहेत आणि कुठला लावायचा ते बहुतेक वेळा वाक्याच्या पुढच्या भागात काय येणार त्यावर ठरतं. मराठी माणसाला इथे एक फायदा आयता मिळतो: कारण आधी, परिणाम नंतर आणि क्रियापद शेवटी हा क्रम आपल्या ओळखीचाच आहे. (खाली 'ऽ' जिथे आहे तिथला स्वर म्हणजे ओठ गोल न करता ताणून काढलेला उ.)

सगळ्यात जास्त कानावर पडतो तो -आसॉ/-ऑसॉ. धातूतला शेवटचा स्वर आ किंवा ओ असेल तर आसॉ, नाहीतर ऑसॉ, आणि 'हादा' म्हणजे करणे याचं होतं हेसॉ. 'पिगा वासॉ मोत कास्सॉयो' म्हणजे पाऊस आल्यामुळे जाता आलं नाही. याला भूतकाळाचा प्रत्यय लावत नाहीत आणि शिकणारे नेमके इथेच चुकतात, कारण डोक्यात 'पाऊस आला म्हणून' असतं. त्यापेक्षा आपलं '-ऊन' आठवावं, 'पावसात भिजून आजारी पडला' यात भिजून काळ सांगत नाही, तो 'पडला'वरून कळतो, आणि 'घरी जाऊन जेवला' यात तेच ऊन नुसता क्रम सांगतं. आसॉ पण अगदी ही दोन्ही कामं करतं, 'चिबे कासॉ' म्हणजे घरी जाऊन. माझ्या मते हे एक साम्य पक्कं झालं की अर्धा गोंधळ मिटतो.

पण आसॉ कारण सांगत असेल तर त्यानंतर आज्ञा किंवा 'चला, करूया' येत नाही. 'पाऊस पडतोय, छत्री घेऊन जा' म्हणायचं तर -निक्का (व्यंजनानंतर -ऽनिक्का) लागतं: 'पिगा ओनिक्का उसानऽल काज्यॉगासेयो'. याला भूतकाळ चालतो, 'वास्सऽनिक्का मॉक्को गासेयो', आलाच आहात तर जेवून जा. उलट आभार आणि माफी मागताना आसॉच हवं. 'नऽजॉसॉ च्वेसोंहाम्निदा' म्हणजे उशीर झाल्याबद्दल माफ करा, तिथे निक्का लावलं तर 'उशीर झालाय ना, मग सॉरी' असं काहीतरी होतं, म्हणजे माणूस माफी मागतोय की स्वतःची बाजू मांडतोय तेच कळत नाही.

नामाला त्तेमुने लागतं, क्रियापदाला -गी त्तेमुने. हे जरा लिखाणातलं, औपचारिक वाटतं आणि यापुढेही आज्ञा येत नाही. 'हाकसेंग त्तेमुने' म्हणजे विद्यार्थ्यामुळे, 'हाकसेंगीगी त्तेमुने' म्हणजे विद्यार्थी असल्यामुळे, हा फरक मराठीत जस्साच्या तस्सा आहे त्यामुळे आपल्याला वेगळा पाठ करावा लागत नाही.

आपण 'तुमच्यामुळे पास झालो' आणि 'तुमच्यामुळे बस चुकली' दोन्हीला '-मुळे'च लावतो. कोरियनमध्ये चांगल्यासाठी खास तॉक्पुने आहे आणि दोष द्यायला थासे. कसं काय चाललंय विचारल्यावर 'तॉक्पुने चाल जिनेयो' म्हणतात, तुमच्या कृपेने बरं चाललंय, आणि त्या जागी थासे कधीच येणार नाही.

-नऽरागो म्हणजे एका कामात वेळ गेला आणि दुसरं राहिलं, कर्ता मात्र दोन्हीकडे एकच पाहिजे: 'सुक्चेहानऽरागो मोत चास्सॉयो', होमवर्क करण्याच्या नादात झोपच झाली नाही. -नऽन बारामे अचानक काहीतरी घडून घोळ झाला तेव्हा वापरतात, जसं 'पॉसऽरऽल नोछीनऽन बारामे नऽजॉस्सॉयो', बस चुकली आणि उशीर झाला. गोष्ट कालची असली तरी नऽन तसंच राहतं.

कधी परिणाम आधी सांगून कारण मागून जोडायचं असतं. तेव्हा लिहिताना 'वेन्याहाम्यॉन' म्हणजे 'कारण'ने सुरू करून वाक्य त्तेमुन घेऊन संपवतात, आणि बोलताना नुसतं शेवटी -कॉदऽन्यो: 'पिगा वात्कॉदऽन्यो', पाऊस आला होता ना.