पार्श्वभूमी : मधुमेह, मोबाइल आणि ‘स्वव्यवस्थापन’ या शब्दाचा घोळ

२०१६ मध्ये केंद्र सरकारने मधुमेहासाठी एक फोन नंबर जाहीर केला. त्यावर मिस्ड कॉल दिला की खाणेपिणे, चालणे, औषधे यांविषयी एसएमएस येऊ लागत. मिस्ड कॉल ही निवड नेमकी होती, कारण बॅलन्स न खर्चता निरोप देण्याची ती आपल्याकडे रुळलेली रीत. त्याच्या दोन वर्षे आधी, २०१४ च्या रमझानमध्ये, सेनेगलने रोजे धरणाऱ्या मधुमेहींना असेच संदेश पाठवले होते. दोन्हींच्या मुळाशी २०१२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून सुरू केलेला एकच उपक्रम होता.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. तामिळनाडूत ४२ गावांच्या टापूत उपग्रहाशी जोडलेली व्हॅन फिरली. ती गावातच डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढून शहरातल्या डॉक्टरांकडे पाठवायची. पण त्यात रुग्णाच्या हाती काही नव्हते. ते आले एसएमएसमुळे.

एसएमएसवर एवढा भरवसा बसला तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातल्या एका चाचणीमुळे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे नियमित संदेश गेले. त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना मधुमेह झाला, संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. निकाल चांगलाच होता. मात्र ही माणसे अजून मधुमेही नव्हती, सगळे पुरुष होते, कमावते होते आणि स्वतःच्या फोनवर संदेश वाचू शकत होते. पुढे ‘एसएमएसने मधुमेह आटोक्यात येतो’ असे म्हणताना या चाचणीचा दाखला दिला जातो, तेव्हा या अटी गळून पडतात.

आपल्या लिपीचीही एक अडचण होती. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. पायाची काळजी कशी घ्यायची हे एवढ्यात सांगून पाहा. शिवाय जुन्या साध्या फोनवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन उमटायचे.

आता मूळ घोळाकडे. ‘सेल्फ-मॅनेजमेंट’ (म्हणजेच स्वव्यवस्थापन) आणि ‘सेल्फ-मॉनिटरिंग’ (स्वतः साखर मोजणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत आणताना दोन्हींचे ‘स्वनियंत्रण’ होऊन बसते. पहिलीत वेळेवर गोळी, जेवणाचा अंदाज, रोज तळपाय बघणे, साखर खाली गेल्याची लक्षणे ओळखणे, ताप-उलट्या झाल्यावर काय करायचे, हे सगळे येते. दुसरी म्हणजे बोटाला सुई टोचून आकडा बघणे. बोलण्यात तर आपण आणखी आखडते घेतो. सकाळी उपाशीपोटी ११० आले की ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ म्हणून मोकळे होतो, आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरी कोणी विचारत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्याला त्या आकड्यावर डोस ठरवायचा असतो, म्हणून त्याच्यासाठी मोजणे हा उपचाराचाच भाग. पण नुसत्या गोळ्यांवर असलेल्याचे काय? ब्रिटनमध्ये इन्सुलिन न घेणाऱ्या ४५३ रुग्णांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी साखर मोजल्याने सरासरीत लक्षणीय फरक पडला नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली चाचणी आणखी पुढे गेली. तिथे एका गटाच्या ग्लुकोमीटरवर प्रत्येक तपासणीनंतर आपोआप सल्ल्याचा संदेशही येत होता. वर्षाअखेरीस फरक पडला नाही. कारण साधे आहे : आकडा दिसल्यावर करायचे काय हे ठरलेले नसेल, तर १८० दिसले काय आणि २१० दिसले काय, माणूस तीच गोळी घेणार.

विकसनशील देशांत हा घोळ थेट खिशात येतो. साखर तपासण्याची एक स्ट्रिप वीस रुपयांची धरली आणि दिवसातून दोनदा तपासले, तर महिन्याला बाराशे रुपये होतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या औषधाच्या जेनेरिक गोळ्यांना याच्या कितीतरी कमी पैसे लागतात. तरीही बहुतेक मधुमेह-ॲप उघडताच पहिला प्रश्न ‘आजची शुगर किती?’ हाच असतो. मला हे खटकते. ‘औषध संपले आहे का?’ हा प्रश्न आधी यायला हवा होता.

आपल्या भागातल्या दोन चाचण्या इथे शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत भारत आणि पाकिस्तानातल्या शहरी दवाखान्यांत संगणकीय नोंदींसोबत रुग्णाचा पाठपुरावा करणारा माणूस नेमला. साखर आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ८.१ टक्के होते, या गटात १८.२ टक्के. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सरकारी आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत नर्सच्या हाती टॅब दिला. तुलनेच्या केंद्रांना प्रशिक्षण आणि भिंतीवरचे तक्ते दिले होते. सुधारणा दोन्हीकडे झाली, टॅबमुळे त्यात जादा भर पडली नाही.

मग २०२० आले. मार्चअखेर दूरवैद्यकीय सल्ल्याची नियमावली निघाली आणि फोनवर डोस बदलून घेणे अधिकृत झाले. स्वस्त इंटरनेट आधीच पोहोचले होते, सगळ्यांपर्यंत मात्र नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. देशात १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आला, तेव्हा चौदा दिवस दंडावर राहून साखर मोजणाऱ्या सेन्सरच्या जाहिराती मधुमेह नसलेल्यांपर्यंतही पोहोचल्या होत्या.

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक पातळीवर २०३० पर्यंतची उद्दिष्टे ठरली. निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांची साखर आटोक्यात असावी, हे त्यातले एक. परवडणारे इन्सुलिन आणि स्वतः साखर मोजण्याची सोय १०० टक्के लोकांना मिळावी असेही त्यात आहे, पण ते टाइप १ असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यांच्यासाठी.