हापूसची पेटी तारखेवर का येत नाही

नमस्कार. पेटीत दरवर्षी हा कागद असतो, आधी त्यात आंबा कसा पिकवायचा एवढंच लिहायचो, पण हल्ली प्रत्येक सीझनला फोनवर तोच प्रश्न येतो की पाडव्याला आंबा का नाही आणि आला तर एवढा महाग का. प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर सांगतो.

आमची कलमं रत्नागिरीकडच्या कातळावर आहेत. पूर्वी पाऊस वेळेत ओसरायचा, ऑक्टोबरच्या उन्हात जमीन सुकायची, झाडाला पाण्याचा ताण बसायचा आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार झाल्या की मोहोर फुटायचा. तिथून काढणीला साधारण साडेतीन-चार महिने. आता परतीचा पाऊस रेंगाळतो. २०१९ ला ऑक्टोबरअखेर क्यार वादळ आलं तेव्हा तर दिवाळीसुद्धा पावसात गेली. जमीन ओली राहिली की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं, आणि ती कोवळी पालवी पक्की झाल्याशिवाय तिच्यावर मोहोर येत नाही, म्हणजे सगळंच पुढे सरकतं. पाडव्याची पेटी अक्षय्यतृतीयेला जाते ती अशी.

बरं, थंडी पडली म्हणजे सुटलो असंही नाही. थंडी लांबली तर जिथे आधीच कणी (बारीक फळ) धरलीय त्याच फांदीला परत मोहोर येतो, झाडाची ताकद तिकडे जाते आणि सुपारीएवढी झालेली फळं पटापट गळतात. आम्ही याला पुनर्मोहोर म्हणतो. झाड मोहोराने भरलेलं बघून पाहुणे म्हणतात काय मस्त बाग आहे, आमच्या पोटात मात्र गोळा आलेला असतो.

भाव वाढतो तो मुख्यतः ढगाळ हवेमुळे. आभाळ भरून राहिलं की मोहोरावर तुडतुडे ही कीड, भुरी, करपा हे रोग, आणि आता फुलकिडे (थ्रिप्स) पण खूप झालेत. औषध मारायचं, दोन दिवसांनी अवकाळी सर येते आणि सगळं धुऊन जातं, परत पहिल्यापासून. औषध, पंपाचं डिझेल, माणसांची मजुरी सगळं डबल होतं आणि फळ मात्र निम्मं, मग डझनाचा भाव आम्ही तरी कुठून कमी करणार?

वर ऊन आहेच. २०२५ ला फेब्रुवारीतच कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा होता, फेब्रुवारीत! अशा उन्हात कोवळं फळ गळतं, मोठं असेल तर उन्हाच्या बाजूने भाजतं. आणि त्याच वर्षी मे महिन्यात २० तारखेनंतर जोराचा पाऊस, २५ मे ला मान्सूनच कोकणात. उशिराचा आंबा तेव्हा झाडावरच होता. त्याआधी २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळाने काढणीला आलेली फळं एका रात्रीत खाली पाडली होती. पडलेला आंबा आम्ही पेटीत भरत नाही, तो कॅनिंगला जातो, मिळेल त्या भावाने.

साक्याबद्दल. वरून आंबा सुंदर आणि आत पांढरट, आंबट, स्पंजसारखा गर, तो साका. हापूसचं हे जुनंच दुखणं आहे, पण तापलेल्या जमिनीची धग लागली की जास्त होतं, म्हणून आम्ही कलमांच्या बुंध्याशी पालापाचोळा, गवत पसरून ठेवतो आणि फळ चौदा आणे (सोळापैकी चौदा, म्हणजे जवळपास पूर्ण) तयार झालं की काढतो, झाडावर पिकू देत नाही. तरीही निघतो, कापल्याशिवाय आम्हालाही कळत नाही. कापलेल्या फळाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त घालतो.

सालीवर बारीक काळे ठिपके असतील तर घाबरू नका, गर चांगला असतो, ते आंबे फक्त आधी खाऊन टाका. आंबा पेंढ्यात किंवा कागदात ठेवा, पिकायच्या आधी फ्रिजमध्ये अजिबात नको. आणि हो, आमचा आंबा उशिरा आला की बाजारात भलतीकडचा आंबा रत्नागिरी म्हणून विकला जातो. हापूसला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाचच जिल्ह्यांचं, तेव्हा घेताना कुठला आंबा ते विचारा.

पुढच्या वर्षीपासून बुकिंग घेताना तारीख लिहून देणार नाही. नाव आणि किती डझन तेवढं सांगून ठेवा, तुमच्या वाटणीचं फळ तयार झालं की आदल्या दिवशी फोन करू.