‘बेसिक’ गणिताचा अभ्यासक्रम कमी असतो का?

सीबीएसईच्या दहावीला ‘बेसिक’ गणित निवडले की अवघड धडे वगळले जातात आणि अकरावीत गणित घेण्याची वाट कायमची बंद होते, असा समज गेली अनेक वर्षे पालकांमध्ये पसरलेला आहे. त्यातील पहिला भाग कधीच खरा नव्हता आणि दुसरा आता लागू राहिलेला नाही.

मंडळाने 2020 च्या परीक्षेपासून ‘स्टँडर्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन स्तर आणले, तेव्हाच अभ्यासक्रम, वर्गातील अध्यापन आणि 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन दोन्हींसाठी एकच राहील, असे स्पष्ट केले होते. फरक आहे तो केवळ 80 गुणांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यपातळीत. म्हणूनच ‘हा धडा तुला नाही’ असे सांगून मुलाला त्रिकोणमिती सोडायला लावणे हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

दुसऱ्या समजाला मात्र आधार होता, कारण मूळ नियमानुसार पुढे गणित घ्यायचे असल्यास ‘स्टँडर्ड’ उत्तीर्ण होणे आवश्यक होते आणि ‘बेसिक’ उत्तीर्ण विद्यार्थ्याला त्यासाठी पुरवणी परीक्षेत ‘स्टँडर्ड’ची प्रश्नपत्रिका सोडवावी लागे. कोविडकाळात ही अट शिथिल झाली आणि ती सवलत नंतरच्या वर्षांतही वाढवली गेली; विद्यार्थ्याची क्षमता व कल आहे, याची खात्री मात्र शाळाप्रमुखांनी करून घ्यायची असते. सवलत परिपत्रकाद्वारे दिली जात असल्याने, परीक्षेसाठी नावनोंदणी करताना स्तर ठरवण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक पालकांनी स्वतः वाचावे.