एनओसी आणि दोन लाखांचा दंड

गोव्यात औषधांचा घाऊक व्यापार करायचा तर सरकारी परवाना लागतो. एके काळी तेवढ्यावर भागत नसे. औषध कंपनीला नवा स्टॉकिस्ट, म्हणजे तिचा माल दुकानांना पुरवणारा घाऊक व्यापारी, नेमायचा असला, की आधी केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स असोसिएशन, गोवा या औषधविक्रेत्यांच्या संघटनेची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, हवी. नवा स्पर्धक येऊ द्यायचा की नाही, हे जुन्या स्पर्धकांनी ठरवायचं! न ऐकणाऱ्या कंपनीच्या मालावर बहिष्कार.

यामागचं अर्थशास्त्र पाहण्यासारखं आहे. दहा दुकानदारांनी मिळून भाव चढा ठेवला, तरी गुपचूप थोडं स्वस्त विकून गिऱ्हाईक ओढायचा मोह प्रत्येकाला होतोच. त्यामुळे संगनमत आपोआप सैल पडत जातं. ते टिकवायचं तर फुटणाऱ्याला धाक आणि बाहेरच्याला दार बंद, दोन्ही लागतं. दार बंद ठेवायला एनओसी, धाकाला बहिष्कार.

कौटिल्याला हे ठाऊक होतं. एकजूट करून माल अडवून धरणाऱ्या आणि मनमानी भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना त्याने १००० पण (त्या काळचं नाणं) दंड सांगितला आहे. अमेरिकेने १८९० मध्ये मक्तेदारीविरोधी शर्मन कायदा केला आणि १९११ मध्ये त्याच कायद्याखाली स्टँडर्ड ऑइल या तेल कंपनीचे ३४ तुकडे केले. आपल्याकडे मक्तेदारी आणि व्यापारातल्या गैरप्रथा रोखणारा एमआरटीपी कायदा आला १९६९ मध्ये. गोवा मुक्त होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती. या कायद्याची नजर मुख्यतः उद्योगांच्या आकारावर. २० कोटींवर मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला विस्तारासाठीही केंद्राची परवानगी लागे. एकीकडे परवाने मोजून देत स्पर्धक कमी ठेवायचे आणि दुसरीकडे मक्तेदारीच्या चौकशीला आयोग नेमायचा, असा तो काळ. १९९१ मध्ये मालमत्तेची अट गेली. आयोग उरला, गैरप्रथा थांबवायचा हुकूम तो देई, दंड मात्र करू शकत नसे.

२००२च्या स्पर्धा कायद्याने आकार बाजूला ठेवून वागणुकीवर बोट ठेवलं. पण त्याची संगनमताविरुद्धची कलमं लागू झाली थेट मे २००९ मध्ये. गोव्यातल्या काही औषधविक्रेत्यांची या संघटनेविरुद्धची तक्रार नेमकी या सांध्यात सापडली. जुना आयोग गुंडाळला गेला आणि फाइल भारतीय स्पर्धा आयोगाकडे आली. ११ जून २०१२ रोजी निकाल लागला: संघटनेला २ लाख रुपये दंड.

त्याच महिन्यात ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६,३०० कोटींच्या आसपास दंड झाला होता. त्यापुढे हे २ लाख म्हणजे चिल्लर. पण दंड मोजायचा उलाढालीवर, तिच्या वार्षिक सरासरीच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि संघटनेची उलाढाल म्हणजे वर्गण्या आणि शुल्क. बंद दारामुळे सुटणारा नफा जातो सभासदांच्या गल्ल्यात. तो संघटनेच्या हिशेबवहीत दिसतच नाही. कायद्यातली खरी फट मला इथे दिसते. २०१४ मध्ये आयोगाला याच संघटनेवर पुन्हा दंड बसवावा लागला.