प्रौढ पेशींपासून मूळपेशी : मुंबईतल्या उपचारांची पार्श्वभूमी

परळच्या कर्करोग रुग्णालयात १९८३ मध्ये बोनमॅरो प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून मुंबईकरांना मूळपेशींचे, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचे, उपचार परिचयाचे आहेत. पुढचा वाद भ्रूणांचा होता, कारण भ्रूणातून मूळपेशी काढताना तो नष्ट होतो. २००१ मध्ये अमेरिकेने अशा संशोधनाचा सरकारी पैसा आधीच तयार असलेल्या सेल लाइन्सपुरता (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशांपुरता) मर्यादित केला. त्या यादीत मुंबईच्या एका खासगी प्रयोगशाळेच्या सात लाइन्स होत्या.

हा पेच सैल झाला तो जपानमध्ये. केवळ चार जनुकांच्या जोरावर प्रौढ पेशी भ्रूणावस्थेसारखी करता येते, हे २००६ मध्ये उंदरांत आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींत सिद्ध झाले. अशा पेशींपासून बनवलेला डोळ्याच्या पडद्याचा थर २०१४ मध्ये एका वृद्धेच्या डोळ्यात बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल दिसताच काम थांबवले.

आपल्याकडे मात्र 'स्टेम सेल' या नावाखाली विकले जाते ते वेगळेच: कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच रुग्णाला टोचायच्या. त्यांना भ्रूणावस्थेकडे मागे वळवणे वगैरे काही नसते.

इथे २०१३ चा निर्णय कळीचा. मूळपेशींविषयीच्या २००७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' होते. २०१३ च्या नव्या आवृत्तीत 'उपचार' गाळले. रक्ताच्या ठरावीक आजारांतले प्रत्यारोपण सोडले तर सिद्ध झालेला उपचार नाहीच, आणि मान्यताप्राप्त ट्रायलबाहेरचा वापर अनैतिक, अशी भूमिका घेतली गेली. डॉक्टरांच्या एका गटाने विरोध केला: रुग्णाच्याच पेशी त्यालाच परत देणे ही शस्त्रक्रियेसारखी प्रक्रिया आहे, औषध नव्हे. ऑटिझम किंवा मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू क्षीण होण्याचा आजार) असलेल्या मुलांच्या आईवडिलांनाही दुसरा मार्ग दिसत नव्हता. त्यांची तळमळ खरी आहे. पण म्हणूनच पुराव्याची अट सैल करणे मला घातक वाटते. दागिने मोडून पैसे उभे करणाऱ्याला निदान फायदा किती आणि धोका किती हे तरी कळले पाहिजे.

निर्णयाची अडचण अशी की ती तत्त्वे होती, कायदा नव्हे. २०१८ मध्ये औषध नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा आला, तोही मोठी प्रक्रिया केलेल्या, म्हणजे मूळ गुणधर्म बदललेल्या, पेशींनाच औषध मानणारा. किमान प्रक्रिया केलेल्या पेशी त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि क्लिनिकमधल्या बहुतेक पेशी आपण त्याच प्रकारच्या वापरतो, असे चालकांचे म्हणणे होते.